लता डबा द्यायला गेली

वाघबंदर, जि. रत्नागिरी
१२ ऑक्टोबर १९९७

दादा,

आधी आईला नमस्कार, मग तुला. तुझ्या मागच्या पत्राची चार पानं होती आणि त्यातली साडेतीन तुझ्या भाषणांची. म्हणून ही चार पानं सगळी आमच्या गावाची.

काल दसऱ्याला झेंडूच्या दोन माळांसाठी अख्खा बाजार पालथा घातला. मिळाला तो असा, की आपल्या मळ्यात असला झेंडू बांधावर फेकून देतात. मेथीची जुडी घाटावरून इथे येईपर्यंत दोन दिवस झालेले असतात. आईला सांग, तिने विचारलं होतं ते खरं, समुद्राकाठी भाजी पिकत नाही. पण माणसं चांगली आहेत.

माझ्या वर्गात पटावर एकावन्न मुलं. बांगडा आला की एकोणीस. मी हजेरीत "मासळी आली" असं कारण लिहिते. परवा एक मुलगी विचारते, "बाई, तुमच्या नाशकात भरती किती वाजता?" मी म्हटलं, आमच्या गोदावरीला पूर येतो, भरती येत नाही. सगळ्या वर्गाला माझी कीव आली. सोमनाथांचं नेहमीचं चाललंय. नवरा टेलिफोन खात्यात, तालुकाभर फोन देत फिरतो आणि आमच्याच घरी फोन नाही. म्हणून पत्र.

आता एक गोष्ट फक्त तुला.

लताबाई नावाची कोळीण माझ्या दारी मासळी घेऊन येते. तिचा नवरा चिमाजी तांडेल, म्हणजे होडी चालवणारा मुख्य माणूस. पन्नाशीचा असेल. गेल्या महिन्यात तिने पदराआडून डॉक्टरचा कागद काढला आणि वाचायला सांगितला. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवायची. चिमाजींना समोरचं थोडंसं दिसतं, बाजूचं सगळं काळं. खाडीत शिरताना दीपगृह आणि देवळाचा कळस एका रेषेत दिसले तरच होडी वाचते, नाहीतर खडक. ती रेषा त्यांना दिसत नाही. म्हणून दीड वर्ष लताबाई होडीत पुढे बसते, डोक्याला पंचा गुंडाळून, आणि त्यांना सांगत राहते.

इथे बाईने मासेमारीच्या होडीवर पाय ठेवायचा नाही, अशी रीत आहे. तिची गोष्ट होडीवरच्या दोघांनाच माहीत, चिमाजींचा पुतण्या भिकन आणि दुसरा एक खलाशी. सकाळी ती हातात डबा घेऊन किनाऱ्याकडे जाते. कुणी विचारलं तर शेजारणी सांगतात, "लता डबा द्यायला गेली." दुपारी होडीबरोबरच परत. कुणाला संशयसुद्धा येत नाही! डबा द्यायला सहा तास, मला तर हसूच आलं.

तिने माझा हात धरला. म्हणाली, "बाय, पोटात ठेव." मी तुझ्या पोटात ठेवते आहे.

उज्वला

मखमलाबाद, नाशिक
३ नोव्हेंबर १९९७

चि. उज्वला,

तुझं पत्र दिवाळीच्या झेंडूच्या गडबडीत आलं. मळ्यात उभ्याउभ्या वाचलं, शाळेत मोकळ्या तासाला वाचलं आणि मंजुषाला मोठ्याने वाचून दाखवलं. तुझी वहिनी सहसा माझ्या कशाने हलत नाही. हातातली फुलं तशीच धरून बसली.

काय बाई आहे! ज्या समुद्राला तुम्ही नारळ वाहता त्याला बाईचं पाऊल बाटवतं? फाटकी जाळी तिने तुणायची, मासळी तिने डोक्यावर वाहायची, बाजारात घसा तिने फोडायचा, आणि लाकडाच्या चार फळ्यांवर पाय ठेवला की देवी कोपणार? अगं, ती देवी स्वतः बाई आहे! अख्खं गाव डोळे असून आंधळं, आणि दिसतं ते त्या एकटीला. मी जगभरच्या क्रांत्यांची पुस्तकं वाचली, पण हातात डबा घेऊन निघालेली क्रांती मी पहिल्यांदा बघतो आहे.

परवा हरसूलला महिलांच्या मेळाव्यात हीच गोष्ट सांगितली. घाबरू नकोस, नाव घेतलं नाही, गाव घेतलं नाही. "एका बंदरात एक बाई", एवढंच. बाजाराचा दिवस होता, बाया पाट्या डोक्यावर घेऊन थांबल्या. डोळ्यांना पदर लागले. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू?

पोटात ठेव म्हणालीस. उज्वला, असली गोष्ट पोटात ठेवली तर कुजते. ती वाऱ्यावर सोडावी लागते.

आईचं म्हणणं वेगळं. "दुसऱ्याच्या घरातलं कशाला रं सांगत फिरतो?" मी म्हटलं, आई, सगळं जग आपलं घर आहे. ती म्हणाली, "मग आधी ह्या घरातली मेथी निवड." आणि जुड्या पुढ्यात टाकून गेली.

तुझा दादा

वाघबंदर
७ डिसेंबर १९९७

दादा,

तू ती गोष्ट सांगितलीस हे वाचून मी घाबरले. नंतर वाटलं, हरसूल कुठे आणि वाघबंदर कुठे. पण आता पुन्हा नको.

दुसरं, आनंदाचं. इथे एक छोटं वाचनालय आहे. त्याचे चिटणीस यादव, जातीने कोळी, स्वभावाने पुस्तकातला किडा. त्यांच्या कानावर तुझी कीर्ती गेली. कशी गेली विचारू नकोस. आठ मार्चला महिला दिन आहे, तुझं व्याख्यान ठेवायचं म्हणतात. आजूबाजूच्या तीन बंदरांतली माणसं येतील, मत्स्यखात्याचे साहेब अध्यक्ष. मानधन नाही, पण सुरमई मिळेल.

ये ना. वर्ष झालं, मी इथे "घाटावरची बाई" आहे. माझ्या माहेरी काय आहे ते या लोकांना एकदा कळू दे. फक्त ती गोष्ट इथे काढायची नाही. शपथ घे.

उज्वला

मखमलाबाद
१९ जानेवारी १९९८

चि. उज्वला,

येतो. शपथ कशाला, शब्द देतो, माझ्यासाठी तो जास्त आहे. ती गोष्ट काढणार नाही. बोलायला मला विषयांचा तोटा आहे का?

आईने मुगाचे लाडू आणि बेदाणे बांधून ठेवले आहेत. दीड महिना आधीच. ओल्या द्राक्षांचा हट्ट करत होती, एसटीत रस होईल म्हणून मंजुषाने थांबवली.

तुझा दादा

मखमलाबाद
११ मार्च १९९८

चि. उज्वला,

काल पोचलो. अंगात अजून एसटी हलते आहे. पण डोक्यात ती संध्याकाळ आहे.

आधी माफी. शब्द मोडला. खरं सांगतो, मोडायचा नव्हता. अर्धा तास मी शिक्षणावर बोललो, कायद्यावर बोललो. लोक ऐकत होते, पण जसं कीर्तनाला पावसामुळे थांबलेली माणसं ऐकतात तसं. आणि समोर पहिल्या रांगेत लताबाई. तूच थोडं आधी ओळख करून दिली होतीस. हिरवं लुगडं, मांडीवर हात. मला वाटलं, मी इथे दूरदूरच्या थोर बायांची नावं घेतो आहे आणि खरी थोर बाई तीन हातांवर गप्प बसली आहे! जीभ आवरली नाही. "एक बाई" असं म्हणता म्हणता माझं बोट तिच्याकडे गेलं. "लताबाई, उठा! तुमच्या नवऱ्याचे डोळे तुम्ही आहात. या गावाला तोंड दाखवा. लाजायचं असेल तर गावाने लाजावं!"

आणि ती शांतता! उज्वला, वीस वर्षं मी बोलतो आहे. टाळ्या मिळवणं सोपं असतं. अशी शांतता मला कुठे मिळाली नाही. एक हात हलला नाही. लताबाईंनी नम्रपणे पदर पुढे ओढून घेतला, उठल्या नाहीत. साहेब खाली मान घालून काहीतरी टिपून घेत होते. आभाराला यादवरावांचा कंठ इतका दाटला की दोनच वाक्यं बोलले. टाळीच्या पलीकडची दाद म्हणतात ती हीच.

सकाळी एसटीवर सोडायला वाचनालयाचं कुणी आलं नाही. मासळीचा दिवस असेल. तूही वाटेत गप्प होतीस, स्वयंपाकाने दमली असशील. चिमाजींना भेटायचं राहिलं. त्यांना माझा नमस्कार सांग. गावात आता काय चर्चा आहे, सविस्तर लिही.

तुझा दादा

वाघबंदर
५ एप्रिल १९९८

दादा,

तीन वेळा लिहायला बसले आणि तीन वेळा वही मिटली. गावात काय चर्चा आहे, विचारलंस. काही नाही. माझ्याशी कुणी काही बोलत नाही. रागाने नाही. नमस्कार करतात, मुलं शाळेत पाठवतात. फक्त लताबाई मासळी घेऊन येत नाही. दुसरी बाई येते, पाटी उतरवते, वजन करते, जाते.

शेवटी मीच वाचनालयात गेले. यादवांना म्हटलं, एकदा तोंड उघडून बोला. ते पुस्तकांना कव्हर घालत होते. हातातली कात्री ठेवून म्हणाले, "बाई, डबा द्यायला कुणाला सहा तास लागतात हो?"

मी म्हटलं, म्हणजे?

"तो शब्द माझ्या आईने काढला. पहिल्या आठवड्यातच. 'लता डबा द्यायला गेली.' मग सगळ्या गावाने उचलला. तुमच्या भावाला वाटलं, आम्हाला माहीत नाही. आम्हाला माहीत होतं म्हणून तर चाललं होतं."

दादा, सगळ्यांना माहीत होतं. लताबाई होडीकडे निघाली की किनाऱ्यावरची माणसं जाळ्यात डोकं घालायची. चिमाजींची होडी परतताना दिसली की बाकीच्या होड्या खाडीचं तोंड मोकळं करायच्या. धुकं असलं की एक म्हातारा तांडेल आपली होडी तिथेच उगाच रेंगाळत ठेवायचा आणि मोठ्याने गाणं म्हणायचा, चिमाजींनी आवाजावर यावं म्हणून. तो म्हातारा मला माहीत आहे, तो शाळेमागेच राहतो. त्याचं ते गाणं ऐकून मी मुलांना म्हणायचे, आजोबा आज खुशीत दिसतात.

गावाने रीत मोडली नव्हती आणि चिमाजींचं घरही मोडू दिलं नव्हतं. दोन्ही सांभाळायला एकच उपाय होता, बोलायचं नाही. आपण दोघं घाटावरची, आपल्याला वाटलं, जे बोललं जात नाही ते लपलेलं असतं.

आता तीन बंदरांसमोर बोललं गेलं. साहेबांसमोर बोललं गेलं. साहेब वाईट नाहीत, पण ऐकलं तर त्यांना कागद करावाच लागला. चिमाजींना डोळ्यांचा दाखला आणायला सांगितलं आहे. तो कुठून आणणार? गावच्या जाणत्यांना बैठकीला बसावं लागलं. शेजारच्या बंदराची माणसं विचारायला आली, तुमच्याकडे बाया होडीवर जातात म्हणे. आता "आम्हाला ठाऊक नाही" असं म्हणायची सोय राहिली नाही. होडी गेले तीन आठवडे वाळूवर आहे.

माझंही लिहिते, नाहीतर हे पत्र खोटं होईल. वाचनालयात तुझी कीर्ती मीच सांगितली होती. आणि लताबाई त्या दिवशी मागे, बायांच्या घोळक्यात बसत होती. मी तिला हाताला धरून पुढे आणलं. "माझा भाऊ बोलणार आहे, पुढे बसा." तुझ्या गोष्टीतली बाई तुझ्यासमोर बसावी, असं मला मनातून वाटत होतं. तू काढू नयेस असंही वाटत होतं. दोन्ही एकदम कसं वाटतं, मला विचारू नकोस. मला रोज शाळेत जाताना तिच्या दारावरून जावं लागतं. मी आता मागच्या पाखाडीने, दगडी पायऱ्यांच्या गल्लीने, जाते.

उज्वला

मखमलाबाद
१२ एप्रिल १९९८

चि. उज्वला,

तुझं पत्र मिळालं. मला तुझं म्हणणं मान्य नाही.

मी व्यासपीठावरून आजवर एक शब्द खोटा बोललेलो नाही. लोकांना रुचेल ते बोललो असतो तर आज कुठल्या तरी पक्षाचा आमदार असतो. मी खरं बोललो. बाई होडीवर जाते, हे खरं. नवऱ्याला दिसत नाही, हे खरं. मग लाज माझ्या वाट्याला का? माहीत असून ज्यांनी तिला पंचा गुंडाळून चोरासारखं जायला लावलं, त्यांनी ती घ्यावी! ही कसली दया? उघडपणे म्हणायचं होतं, ये लता, होडी तुझी आहे. गप्प बसून केलेल्या उपकाराने रूढी मरत नाही, पोसली जाते. आणि आंधळा माणूस होडी हाकतो हे झाकून ठेवणं म्हणजे

इथे थांबलो. चहा झाला. पुन्हा बसलो आहे.

उज्वला, ती उठली नाही. मी "उठा" म्हणालो, आणि तिने पदर पुढे ओढला. तुला मी लिहिलं, नम्रपणे. नम्रपणे नव्हता तो. मला आता दिसतो आहे तिचा हात.

वर लिहिलेलं खोडत नाही. तेही मीच लिहिलं आहे.

सोबत चिमाजींना पत्र जोडलं आहे. रात्र-दिवस एक करून लिहिलं. त्यांना वाचून दाखव.

गोरक्ष

वाघबंदर
३० एप्रिल १९९८

दादा,

चिमाजींचं पत्र परत पाठवते आहे. वाचलं. फार चांगलं आहे, म्हणूनच परत पाठवते. दुसऱ्या पानावर "तुमच्या डोळ्यांतला अंधार माझ्या जिभेवर उतरला" असं वाक्य आहे. तिथे टाळ्या पडतील. चिमाजींना टाळ्या वाजवायच्या नाहीत.

आणि वाचून कोण दाखवणार? मी. ज्या तोंडाने त्यांच्या घरातलं बाहेर गेलं त्याच तोंडाने माफी. ते घरात बसलेले, समोरून मी, दारात शेजारणी. पुन्हा एक सभा.

तुला लाज वाटत असेल तर ती तुझ्याजवळ ठेव. सगळंच लोकांत नेऊ नकोस.

रागाने लिहिलं. पण फाडत नाही.

उज्वला

मखमलाबाद
२१ जून १९९८

चि. उज्वला,

दीड महिना लिहिलं नाही. शाळा सुरू झाली. दोन निमंत्रणं आली होती, विंचूरचं आणि सटाण्याचं, प्रकृतीचं कारण सांगितलं.

मी अर्ध्या ताटावरून उठतो हे आईच्या ध्यानात आलं. मंजुषाने तिला सगळं सांगून टाकलं. परवा मी ओसरीवर बसलो होतो. आई कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती, माझ्याकडे न बघता बोलायला लागली. जसं बोलली तसंच लिहितो.

"तुझी आजी धोंडाबाई. मरायच्या आधी दोन वर्सं आमटीत दोनदा मीठ घालायची. ध्यानात ऱ्हात नव्हतं तिच्या. तुझा बाप जेवायचा, मी जेवायची, गडीमाणसं जेवायची. कोणी बोललं का? तू आठ वर्साचा व्हता. तुला कोणी सांगितलं बी नव्हतं. ताकाचा तांब्या जवळ घेऊन बसायचा न् गप जेवायचा. म्हतारी इचारायची, कशी झालीय रं आमटी? तू म्हनायचा, लय भारी."

मी म्हटलं, मला आठवत नाही.

"नायच आठवायचं. तवा अक्कल व्हती तुला. मंग येवढी पुस्तकं वाचली, न् गेली कुठं?"

मी पुढ्यातली कोथिंबीर घेतली आणि जुड्या बांधायला लागलो. 

त्या प्रथेबद्दल माझं मत बदललेलं नाही, हे तुला सांगायला हवं. बाईच्या पायाने होडी बाटते हे मी मरेपर्यंत मानणार नाही. पण ती लढाई लताबाईची होती. कधी लढायची, लढायची की नाही, हे तिने ठरवायचं होतं. मी तिला न विचारता तिला पुढे उभं केलं आणि स्वतः एसटीने घरी आलो.

मी तिकडे येऊ का? काही बोलणार नाही. नुसता येतो.

गोरक्ष

वाघबंदर
२३ ऑगस्ट १९९८

दादा,

येऊ नकोस.

नारळी पौर्णिमा झाली. होड्या पाण्यात गेल्या. चिमाजींची होडी भिकन नेतो. जाणत्यांनी दंडबिंड काही केला नाही. उलट एक म्हातारा बैठकीत म्हणाला, लताला जाऊ द्या, आपण देवीला गाऱ्हाणं घालू, देवी समजून घेईल. तू ऐकलं असतंस तर तुला आनंद झाला असता. पण चिमाजींनीच मान हलवली. म्हणाले, "एवढ्या लोकांनी परवानगी दिल्यावर ती माझ्याबरोबर नाय येणार. ती मला सांभाळायला येणार." आणि उठून गेले. ते आता घरात जाळी तुणतात, बोटांनी चाचपून.

गेल्या आठवड्यात लताबाई आली. पाटी नव्हती. पायरीवर बसली. मी चहा टाकला, तिने घेतला. मग म्हणाली, तसंच लिहिते:

"मास्तरीणबाय, तुझा भाऊ खोटं नाय बोलला. पण पयले माझ्या माणसाचा हात कुणी धरत नव्हता. वाटेत धोंडा असला तर पोरं आधीच बाजूला करायची, त्याला कळायचं पण नाय. तो आपला ताठ चालायचा. आता सगळे हात धरतात. दुकानात नेतात, घरी आणून सोडतात. चांगली माणसं हायत, त्यांना काय बोलू? पण तो आता भायेर पडत नाय."

मी रडायला लागले. ती नाही रडली. म्हणाली, "तू कशाला रडतेस? तुला पण इथलं नवं होतं." मग उठता उठता: "भावाला एक सांग. आता ही गोष्ट कुठं सांगू नको म्हणावं. आमची म्हणून नको, आणि त्याची चूक झाली म्हणून पण नको."

दुसरा भाग मी जोडला असं तुला वाटेल. नाही. तो तिचाच आहे. तिने तुला एकदाच ऐकलं आणि ओळखलं.

मी आता पुढच्याच रस्त्याने शाळेत जाते. दार उघडं असलं तर चिमाजी आत बसलेले दिसतात. पावलांवरून ओळखतात. "बाई, उशीर झाला आज," म्हणतात. मी "हो" म्हणते.

उज्वला

मखमलाबाद
१७ जानेवारी १९९९

चि. उज्वला,

काल पहिल्यांदा पुन्हा बोललो. नाशकातच, एका कॉलेजात. नाही म्हणता आलं नाही, प्राचार्य जुने स्नेही. विषय निवडला पाणी. तासाभराचं भाषण चाळीस मिनिटांत संपवलं. मागून एक आवाज आला, "सर, होडीवाली बाई सांगा!" बऱ्याच जणांनी बाकं वाजवली. मी म्हटलं, वेळ झाली. वीस मिनिटं शिल्लक होती, भिंतीवर घड्याळ होतं, सगळ्यांना दिसत होतं.

तुला खरं सांगतो. त्या वीस मिनिटांत माझ्याजवळ माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण तयार होतं. लताबाईंचं नाही, माझं. एका बोलणाऱ्याने कसं एक घर मोडलं, ते. मी ते सांगितलं असतं तर हॉल रडला असता, आणि मला मोकळं वाटलं असतं. पहिलं वाक्य अक्षरशः जिभेच्या टोकावर होतं. बसलो.

पण ते सांगायला हे पत्र नाही.

खाली व्हरांड्यात एक मुलगी भेटली. शुभांगी नाव, हरसूलकडची, वसतिगृहात राहून शिकते. बरोबर दोन मैत्रिणी. म्हणाली, "सर, सव्वा वर्षापूर्वी आमच्या बाजारात तुमचं भाषण आईबरोबर ऐकलं. ती होडीवाल्या बाईची गोष्ट मी वक्तृत्व स्पर्धेत तीन ठिकाणी सांगितली. दोनदा पहिली आले." मला कुठे बघावं कळेना. तिने बॅगेतून वही काढली. "आता आम्ही मुलींनी ठरवलंय, सुट्टीत तिकडे जायचं. त्या बाईंचा सत्कार करायचा. कॉलेज गाडी देतंय. पेपरवाले पण येतो म्हणालेत. फक्त बंदराचं नाव सांगा सर."

पेन उघडून उभी राहिली. डोळे असे की, उज्वला, तू दहावीत असताना तुझे तसे होते.

मी म्हटलं, "नाव नाही. ती गोष्ट खोटी आहे."

तिला वाटलं, मी थट्टा करतो आहे. हसली. "सर!"

"खरंच. मी रचली होती."

"म्हणजे ती बाई नाहीच?"

"नाही."

"तिचा नवरा?"

"नाही."

एक मैत्रीण दुसरीकडे बघायला लागली. शुभांगीने पेनाचं टोपण लावलं. मग अगदी हळू विचारलं, "मग हरसूलला सांगताना तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं ते?"

मी म्हटलं, "ते जमतं मला. सवयीने जमतं."

"मी खरी म्हणून सांगितली, सर. सगळ्यांना."

"आता सांगू नकोस. खोट्या गोष्टीला बक्षीस मिळालं हे कळलं तर तुझंच नाव जाईल."

एवढं तिच्या ध्यानात आलं. एवढं मात्र नक्की आलं. वही बॅगेत ठेवली, चेन लावली. माझ्याकडे अजून थोडा वेळ बघत होती, काहीतरी वेगळं बोलेन म्हणून. मग "येते" म्हणाली. येताना ती वाकून पाया पडली होती. जाताना नाही.

आज सकाळी प्राचार्यांचा माणूस चिठ्ठी घेऊन आला. पुढच्या महिन्यातलं दुसरं व्याख्यान रद्द. कारण लिहिलेलं नाही. गावात एव्हाना झालं असेल, गोरक्ष सर गोष्टी रचतात, रडूनसुद्धा दाखवतात. मंजुषाला संध्याकाळपर्यंत कळेल. तिला मी काय सांगायचं ते अजून ठरवलं नाही.

तुझ्या कानावर हे कधी आलं, कुणी विचारलं, तर तू दुरुस्त करू नकोस.

गोरक्ष